उरलेले तेरा किलोमीटर

आमच्या घरमालकांनी पुणे ते शिरवळ हे अंतर कापायला एकदा तीन दिवस घेतले होते. गाडी बंद पडली नव्हती, रस्ता खचला नव्हता, कात्रजला कोंडीही नव्हती. त्यांना घाई नव्हती, इतकंच. आणि "आम्हाला घाई नव्हती" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा, तो इतरांच्या चेहऱ्यावर मुलगा बोर्डात आल्यावर दिसतो.

विश्रांतवाडीला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी आठ वर्षं भाड्याने राहिले. आता वाघोलीला सातव्या मजल्यावर माझा स्वतःचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे आणि शेजारच्या दारावर कोणाचं नाव आहे ते मला अजून माहीत नाही. काका जाऊन दीड वर्ष झालं. तरी संक्रांत झाली की माझं मन सैरभैर होतं. खालच्या अंगणात व्हॅनचा दरवाजा सरकवल्याचा आवाज येईल, काकू "अहो, चाळणी घेतली का?" असं विचारतील, असं उगाच वाटत राहतं. मला त्या दोघांची फार आठवण येते. आडवळणाने सांगण्यासारखं त्यात काही नाही.

खोली बघायला गेले तेव्हा मी पस्तिशीची होते. घटस्फोट होऊन नुकतीच सोलापूरहून आले होते, आणि घरमालक काय काय विचारतील याची मनात उजळणी करून ठेवली होती. काकांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"नोकरी घाईची आहे का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"हो. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी साडेसहाला पोचावं लागतं."

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण जिन्यावरून धावायचं नाही. नोकरी तुमची असली तरी जिना माझा आहे."

पुढे कळलं की हा माणूस चौतीस वर्षं पिंपरीकडच्या एका कारखान्यात हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होता. कामगाराने एक नट किती सेकंदांत आवळावा, वाकून उठायला किती वेळ घ्यावा, हे मोजून ठरवणं हे त्यांचं काम. ते यंत्रांपाशी आले की कामगार तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे. "आणि योग्यच द्यायचे," काका म्हणत, "मी त्यांच्या जागी असतो तर मोठ्याने दिल्या असत्या." निवृत्तीच्या समारंभात कंपनीने त्यांना काय द्यावं, तर मनगटी घड्याळ. ते त्यांनी घरी येता येता रिक्षावाल्याला देऊन टाकलं. नंतर घरात कॅलेंडर होतं, पण घड्याळ नव्हतं. काकूंना कुकरच्या शिट्ट्यांवरून अंदाज यायचा आणि काकांना अंदाज नकोच होता.

त्याच वर्षी त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. मागची सीट काढून फळ्यांची बाज बसवली आणि दक्षिणेकडे निघाले. तेव्हापासून दरवर्षी संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघं निघत. कर्नाटक, आंध्रची एक कड, तमिळनाडू. हॉटेलात राहायचं नाही. जिथे दिवस कलेल त्याच्या बऱ्याच आधी जागा बघायची, तिथल्या माणसांची परवानगी घ्यायची आणि तंबू ठोकायचा. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर. एखाद्या दिवशी शून्य.

जागा पसंत करायची त्यांची एक रीत होती. गाडी थांबली की आधी काकू तिथलं पाणी भरून घेत आणि स्टोव्हवर पुण्याहून नेलेल्या पत्तीचा चहा करत. पत्ती तीच, साखर तीच, हात तोच. मग चहात जे कमीजास्त होईल ते त्या गावच्या पाण्याचं. काका एक घोट घेत, डोळे मिटत आणि निकाल देत. चांगला उतरला तर दोन दिवस मुक्काम, फारच चांगला तर चार. वाईट उतरला तर एक रात्र, तीही नाराजीने. लोक परत आल्यावर देवळांचे फोटो दाखवतात. काका मला म्हणायचे, "हिरियूरच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथे मरायला हरकत नाही."

तंबूची कथा आणखी निराळी. काकू कसबा पेठेतल्या. माहेरच्या गल्लीत मांडवाची कापडं शिवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून त्यांनी तंबू शिवून घेतला. बाजारातले तंबू प्लॅस्टिकचे, हे कापड पिढ्यान् पिढ्या टिकतं, असा त्यांचा हिशेब. कापड टिकलंही. फक्त ते लाल-पिवळ्या पट्ट्यांचं होतं आणि त्याला खाली झालर होती. त्यामुळे कर्नाटकातल्या एका गावाबाहेर त्यांनी सकाळी तंबू उभारला आणि दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की कोणाचं तरी लग्न आहे. बायका नवी लुगडी नेसून आल्या. एक म्हातारा केळीचा घड खांद्यावर घेऊन आला.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? शिरा केला," काकू म्हणाल्या. "ह्यांनी त्यांना समजावून सांगितलं, पण मराठीत."

"सावकाश सांगितलं," काका म्हणाले. "मराठी सावकाश बोललं की कन्नड होतं."

ते तसं होत नव्हतं हे उघड आहे, कारण त्या दोघांना तंबूपुढे शेजारी बसवून बायकांनी त्यांच्यावर अक्षता टाकल्या. काकू तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. हे सांगताना त्या लाजल्या, आणि काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पहिल्या लग्नापेक्षा बरं झालं. ह्या वेळी रुसायला मामा नव्हते." पुढच्या वर्षी त्या गावाने त्यांना खऱ्या लग्नाला पाच दिवस ठेवून घेतलं.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण त्यात काकूंची एक गोष्ट राहून जात होती.

त्यांना कन्याकुमारी बघायची होती. लहानपणापासून. एकदा गच्चीत सांडगे घालताना त्यांनी मला कारण सांगितलं. "आमच्या कसब्यात मी कधी काही संपलेलं पाहिलंच नाही बघ. एकाची भिंत संपली की दुसऱ्याची सुरू. शाळेत नकाशा दाखवला, त्यात खाली टोक. बाईंना विचारलं, पुढे काय? त्या म्हणाल्या, पुढे काही नाही, जमीन संपली. तेव्हापासून मनात आहे, जमीन संपते म्हणजे कशी संपते ते एकदा बघायचं."

दरवर्षी ते निघत तेव्हा कन्याकुमारी म्हणूनच निघत. आणि कधीही पोचत नसत. कारण काकूंची एक अट होती आणि काकांची एक. काकूंची अट अशी की पाडव्याला गुढी स्वतःच्या दारात उभी राहिली पाहिजे. काकांची अट अशी की जाताना जितके दिवस, येतानाही तितकेच. परतीला धावायचं नाही. त्यामुळे संक्रांत ते पाडवा यातले निम्मे दिवस झाले की जिथे असेल तिथून व्हॅन वळायची. एका वर्षी हंपीजवळून वळली, एका वर्षी सेलमहून. पोचायचं कधी असं मी विचारलं तर काका म्हणत, "पोचणं हे पोस्टाचं काम. आपलं काम जाणं."

सगळ्यांत लांब गेले ते दिंडिगलपर्यंत. तिथे निम्मे दिवस भरले. काकू म्हणाल्या, "अहो, एवढे आलोच आहोत. अजून आठ-दहा दिवस पुढे जाऊ आणि येताना हायवेने सरळ येऊ."

"परतीला धावायचं नाही."

"मग?"

"मग गुढी इथेच उभारू."

"परमुलखात? तंबूच्या दारात? तंबूला दार तरी आहे का?"

व्हॅन वळली. काकूंनी अबोला धरला तो कृष्णगिरीला सोडला. काकांच्या वेगाने ते अंतर आठ दिवसांचं होतं. दुसरा कोणी चालवत असता तर तेवढा अबोला पाच तासांत संपला असता. मला हे सांगताना काकू हसत होत्या, पण घडी घालायला घेतलेली चादर त्यांनी तीनदा उलगडून पुन्हा घातली.

ते शिरवळ राहिलंच सांगायचं. त्या वर्षी रविवारी दोघं निघाले. मंगळवारी दुपारी मी लॅबमधून आले तर काकूंचा फोन. कुकरची रिंग ओट्यावर राहिली होती. म्हटलं, आता कुठे आहात, बेळगाव? "छे गं, शिरवळच्या अलीकडे. ह्यांना एक वडाचं झाड आवडलंय." मी स्कूटर काढली. दोन दिवसांपूर्वी प्रवासाला गेलेल्या माणसांना मी दोन तासांत गाठलं.

नदीकडेच्या शेतात तो लग्नाचा मांडव उभा होता. दोन घडीच्या खुर्च्या टाकून दोघं बसले होते. बोलत नव्हते, वाचत नव्हते, फोन बघत नव्हते. नुसते बसले होते. माझं लग्न सहा वर्षं टिकलं, त्यात असे आम्ही दोघं सहा मिनिटंही बसलो नव्हतो. काकूंनी मला पिठलं-भात वाढला. काकांनी स्वतःची खुर्ची दिली आणि ते उलट्या बादलीवर बसले. मग म्हणाले, "परत कशाला जातेस? उद्या आम्ही इथेच आहोत. परवाचं काही सांगता येत नाही."

"काका, सकाळी साडेसहाला ड्यूटी आहे."

"रक्त कुठे पळून जात नाही. माणसाच्या आतच असतं."

मी निघाले. ऊन उतरायच्या आत कात्रज गाठायचं होतं मला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेहमीसारखेच साठ-सत्तर नमुने आले, आणि त्यातला एकही माझ्यावाचून अडला नसता. त्या दिवशी थांबायला हवं होतं, हे मी आजवर किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल कोण जाणे.

मग एका श्रावणात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, पण पलंग कायमचा झाला. बोलणं हळूहळू परत आलं, एकेक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखं. संक्रांत आली. तिळगूळ घ्यायला मी खाली गेले, तर काकू गादीच्या खोळी बदलत होत्या आणि काका मला म्हणाले, "बस. तुझ्याशी काम आहे."

मी बसले.

"हिला कन्याकुमारीला घेऊन जा. विमानाने."

काकूंच्या हातातली उशी तशीच राहिली. "काहीतरीच काय? तुम्हाला टाकून?"

"दिवसा मावशी आहेत. रात्री तुझा भाऊ येऊन झोपेल." मग बराच वेळ ते पुढचे शब्द गोळा करत होते. "दिंडिगलला मी वळायला नको होतं. चूक झाली. आयुष्यभर सेकंद मोजले, आणि जिथे मोजायचे नाहीत तिथेही दिवस मोजत बसलो. तू जाऊन ये. माझ्यापायी राहायला नको."

काकांना चूक कबूल करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. काकू आठ दिवस नाहीच म्हणत होत्या. शेवटी काकांनी जेवणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिकिटं काढली.

पहाटे पुण्याहून निघालो, एकदा विमान बदललं, दुपारी तिरुवनंतपुरमला उतरून टॅक्सी केली. जो रस्ता बारा वर्षांत झाला नाही, तो दुपारच्या चहापर्यंत झाला. काकू विमानात एकदाच बोलल्या. ढगांकडे बघून म्हणाल्या, "खाली काय काय गेलं असेल, कळतही नाही."

कन्याकुमारीला शिंपल्यांच्या माळा, रंगीत वाळूच्या पुड्या, शाळांच्या सहली, फोटोवाले, सगळं गर्दीने खच्चून भरलेलं होतं. काकू कठड्यापर्यंत गेल्या, पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहिल्या. लाट येऊन त्यांच्या साडीचा काठ भिजला. "संपली गं जमीन," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता त्या बराच वेळ बघत राहतील. पण त्या लगेच मागे वळल्या आणि समुद्राकडे पाठ करून दुकानांकडे, पार्किंगकडे, लॉजच्या पाट्यांकडे बघायला लागल्या.

"काय शोधताय, काकू?"

"ह्यांनी तंबू कुठे लावला असता ते बघतेय. इथे तर जागाच नाही."

आम्ही खरंच शोधत फिरलो. कोळ्यांच्या वस्तीमागे नारळीखाली एक मोकळा तुकडा सापडला. काकूंनी तिथे थांबून चारी बाजू बघितल्या, पायाने जमीन चाचपली, आणि मग त्यांना रडू आवरेना. "त्या वर्षी मी आठ दिवस बोलले नाही गं ह्यांच्याशी. आठ दिवस! शेजारी बसून. ह्या पाण्यासाठी." मी त्यांचा हात धरून उभी राहिले. सूर्यास्तापर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण त्या म्हणाल्या, चल. परतताना सुचिंद्रमला त्यांनी टॅक्सी थांबवली, पाणी प्यायल्या आणि रस्त्याकडेच्या पाटीवरचा आकडा वाचून आल्या. कन्याकुमारी तेरा किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्रांतवाडीला पोचलो. काका उशाला टेकून बसले होते. त्यांनी दाढी करवून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता. डोळे दाराकडे.

"पाहिलंस?"

काकूंनी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली. "कुठलं पाहतेय! सुचिंद्रमपर्यंत गेलो आणि हिला उन्हाची चक्कर आली. उलट्या काय, डोळे फिरवले काय! तिथूनच परत फिरलो."

मी धडधाकट उभी होते. तोंड उघडलं आणि काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

काका माझ्याकडे वळले. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही, माझ्या नवऱ्यानेही नाही. "किती राहिलं होतं?"

"तेरा किलोमीटर," मी म्हटलं.

"तेरा! तेवढं धरवलं नाही तुला?"

"नाही धरवलं, काका."

त्यांनी मान हलवली. मग बघता बघता त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू उजळली. ती दाढी, तो सदरा, सगळं, काकू त्यांच्यावाचून पोचल्या, ह्या वाईट बातमीसाठी केलेलं होतं हे मला त्या क्षणी कळलं. काकूंना ते बहुधा आदल्या दिवशीच, त्या नारळीखाली कळलं असावं. काकांनी चांगला हात पुढे केला आणि म्हणाले, "नकाशा आण."

त्यानंतर ते सोळा महिने जगले आणि त्या सोळा महिन्यांत त्यांनी तेरा किलोमीटरची सहल आखली. रोज दुपारी काकू पलंगावर नकाशा पसरत. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर. "जास्त होतील का?" ते विचारत. "होतील," काकू म्हणत, "अडीचच करा." मग अडीच. एकूण मुक्काम चार ठरले, पुढे पाच झाले. एकदा काकू बोलून गेल्या, "इथे उजव्या हाताला कमळांचं तळं आहे, तिथे थांबू." काकांनी मान वर केली. "तुला काय माहीत?" मी दारात होते. काकूंनी नकाशावर बोट ठेवलं. "हे काय, निळं दिसतंय की." नकाशावर तिथे काहीच निळं नव्हतं. काकांनी चष्म्यातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हो. आहे खरं." त्यांना दिसलं की नाही, हे मी काकूंना कधी विचारलं नाही.

माझी चक्कर मात्र त्यांनी मला माफ केली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, ही आमची भाडेकरू, हिच्यापायी राहिलं. मी मान खाली घालून ऐकत असे आणि आत चहा ठेवायला जात असे. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. एका दुपारी आखणी पुरी झाली. काकूंनी ती वहीत लिहून घेतली, पहिला मुक्काम, दुसरा, तिसरा, वाचून दाखवली. काका समाधानाने ऐकत होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"संक्रांत झाली की निघतोय," ते म्हणाले. "तुला वाईट वाटेल, पण ह्या वेळी तू येऊ नकोस. तुला सोसत नाही."

काकू वहीत बघत होत्या. मी म्हटलं, "नाही येत, काका. तुम्ही दोघंच जा."